लाइन तुटली तरी काम तुटू नये : दूरच्या सर्व्हरवरची कमांड लाइन

डेटाबेसची मोठी आयात चालू होती. तीन तास झाले होते, अजून तासभर तरी लागणार होता. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं, दुसऱ्या जागी जाऊन बसलो आणि बऱ्याच वेळाने ते उघडलं. टर्मिनलच्या खिडकीत ‘ब्रोकन पाइप’ एवढे दोनच शब्द होते. पुन्हा लॉगिन करून बघितलं, तर आयात अर्ध्यात थांबलेली. सर्व्हर चालू होता, डेटाबेस ठणठणीत होता, कुठे एरर नव्हती. मग काम मेलं कशाने?

याचं उत्तर कळलं आणि दूरच्या सर्व्हरवर काम करायची माझी पद्धतच बदलली. तेव्हापासून कुठलीही मोठी कमांड देण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो : मी आत्ता कोणत्या मशीनवर आहे, आणि या क्षणी लाइन तुटली तर काय होईल? पुढच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या दोन प्रश्नांतूनच निघाल्या आहेत. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. कॅपिटल अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

फोन ठेवला, काम संपलं

आपण एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या प्रोग्रामने, सर्व्हरवर जातो तेव्हा तिथे आपल्यासाठी एक शेल, म्हणजे आपल्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, सुरू होतो. आपण दिलेली प्रत्येक कमांड म्हणजे त्या शेलचं लेकरू. लाइन तुटल्याचं सर्व्हरच्या लक्षात आलं की तो आपलं टर्मिनल बंद करतो आणि शेलला ‘हप’ नावाचा सिग्नल पाठवतो. शेल तो सिग्नल आपल्या लेकरांना पोचवतो. वेगळं काही सांगून ठेवलं नसेल, तर हा सिग्नल मिळालेला प्रोग्राम मुकाट्याने संपतो. ‘हप’ म्हणजे हँग अप, फोन ठेवणं. टर्मिनल टेलिफोनच्या तारेने मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं असायचं, त्या काळातलं हे नाव आहे. फोन ठेवला म्हणजे माणूस निघून गेला, मग त्याची कामं कशाला चालू ठेवायची, असा तो सरळ हिशोब होता. माझी आयात त्या हिशोबानेच संपली होती.

यावरचा सर्वात जुना उपाय म्हणजे ‘नोहप’. कमांडच्या आधी हा शब्द लावला की तो प्रोग्राम हपकडे दुर्लक्ष करतो, आणि त्याचं आउटपुट ‘नोहप.आउट’ या फाइलीत जमा होतं. काम सुरू झाल्यावर आठवण झाली तर कंट्रोल-झेड दाबून ते थांबवा, ‘बीजी’ म्हणून मागे चालू करा आणि मग ‘डिसओन’ म्हणा. आता शेल त्याला आपलं लेकरू मानत नाही, त्यामुळे सिग्नलही पोचवत नाही. अडचणीच्या वेळी हे उपयोगी पडतं. पण काम चालू असताना त्याने मध्येच काही विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता.

म्हणून माझं ठाम मत असं की टीमक्स शिका. एका दिवसात एकच गोष्ट शिकायची असेल तर हीच. टीमक्स सर्व्हरवर स्वतःची एक वेगळी प्रक्रिया सुरू करतं, आणि तुमचे शेल त्या प्रक्रियेची लेकरं होतात. तुमची टर्मिनलची खिडकी फक्त बघण्यापुरती उरते. खिडकी फुटली तरी आत चाललेल्या कामाला त्याचा पत्ता नसतो. ‘टीमक्स न्यू -एस आयात’ असं म्हणून ‘आयात’ नावाचं सत्र सुरू करा आणि काम लावा. मग कंट्रोल-बी दाबून सोडा आणि डी दाबा, की तुम्ही बाहेर आणि काम आत चालू. परत यायचं असेल तेव्हा ‘टीमक्स अटॅच -टी आयात’. कुठली सत्रं चालू आहेत ते ‘टीमक्स एलएस’ सांगतं. मागचं आउटपुट वर सरकवून वाचायचं असेल तर कंट्रोल-बी आणि मग डावा चौकोनी कंस. वाचून झालं की क्यू.

अडचण एवढीच की टीमक्स सुरू करायचं आपण नेमकं गरजेच्या दिवशी विसरतो. म्हणून मी लॉगिनच असं करतो : ‘एसएसएच -टी सर्व्हरचं-नाव टीमक्स न्यू -ए -एस काम’. यातला ए कॅपिटल आहे. त्याचा अर्थ, ‘काम’ नावाचं सत्र असेल तर त्यात जा, नसेल तर नवीन काढ. ही ओळ एका टोपणनावात बांधून ठेवली की विसरायचा प्रश्नच उरत नाही. टीमक्सच्या आधीपासून, १९८७ सालापासून, ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम हेच काम करतो आहे, आणि जुन्या सर्व्हरवर कधीकधी तोच मिळतो. त्याची किल्ली कंट्रोल-ए आहे, बाकी कल्पना तीच.

टीमक्सची मर्यादाही माहीत हवी. सर्व्हरच रीबूट झाला तर सत्रं जातात. काही सिस्टिमवर तुम्ही पूर्ण लॉगआउट केल्यावर तुमच्या सगळ्या प्रक्रिया बंद करायची सेटिंग असते. तिथे ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ देऊन टीमक्स ‘सिस्टिमडी-रन --स्कोप --युजर’ने सुरू करायचं, हा उपाय आहे. आणि कायमस्वरूपी चालायची गोष्ट, उदाहरणार्थ वेबसाइटचा प्रोग्राम, टीमक्समध्ये ठेवू नका. ती सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, सर्व्हिस करा, म्हणजे रीबूटनंतर ती आपोआप उठते.

टर्मिनल गोठलं तर

खिडकीत काहीच उमटत नाही, कंट्रोल-सीलाही दाद नाही. पहिली शक्यता अगदी साधी : चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं. जुन्या टर्मिनलांना आउटपुटचा वेग झेपायचा नाही, तेव्हा ‘जरा थांब’ म्हणायला ही किल्ली होती, आणि ती अजून तशीच आहे. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुन्हा वाहायला लागेल. सेव्ह करायच्या सवयीने हात तिकडे जातोच.

दुसरी शक्यता म्हणजे लाइन खरोखर मेली आहे, पण तुमच्या बाजूला ते अजून कळलेलं नाही. अशा वेळी खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर दाबा, मग टिल्ड, म्हणजे ते नागमोडी चिन्ह, आणि मग पूर्णविरामाचा टिंब. या किल्ल्या तुमच्याच मशीनवरचा एसएसएच प्रोग्राम ऐकतो, टिल्ड आणि टिंब सर्व्हरपर्यंत जातच नाहीत; म्हणून लाइन मेलेली असली तरी चालतात.

बसल्या बसल्या लाइन का मरते? मधल्या राउटरना चालू जोडण्यांची नोंद ठेवावी लागते, आणि जिच्यावर बराच वेळ काही हालचाल नाही तिची नोंद ते पुसून टाकतात. तुम्ही दहा मिनिटं विचार करत बसलात, तेवढ्यात वाट मिटली. उपाय म्हणून एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ लिहा. मग दर साठ सेकंदांनी एक छोटीशी विचारपूस जाते आणि वाट जिवंत राहते. प्रवासात नेटवर्क सारखं बदलत असेल तर ‘मॉश’ बघा. लॉगिन तो एसएसएचनेच करतो, पण पुढचं संभाषण यूडीपीवर, म्हणजे कायमची जोडणी न धरता सुटी पाकिटं पाठवायच्या पद्धतीवर, नेतो, त्यामुळे तुमचा आयपी पत्ता बदलला तरी सत्र टिकतं. त्यासाठी सर्व्हरवर मॉश बसवलेला हवा आणि त्याचे यूडीपी पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरची क्रमांक दिलेली दारं, उघडे हवेत. मागे सरकवून वाचायची सोय त्यात नाही, म्हणून आत टीमक्स हवंच.

ही सेटिंग लिहायची जागा म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’ फोल्डरातली ‘कॉन्फिग’ नावाची फाइल. बरेच जण वर्षानुवर्षं लांबलचक पत्ता, युजरनेम, पोर्ट, किल्लीची फाइल असं सगळं दर वेळी टाइप करत राहतात. त्याऐवजी या फाइलीत ‘होस्ट’ म्हणून एक सोपं टोपणनाव लिहा आणि त्याखाली होस्टनेम, युजर, पोर्ट, आयडेंटिटीफाइल अशा ओळी भरा. मग नुसतं ‘एसएसएच चाचणी’ म्हटलं की झालं. फाइली हलवणारे एससीपी आणि आरसिंक, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हे सगळे याच फाइलीतलं टोपणनाव ओळखतात. आतला सर्व्हर थेट दिसत नसेल आणि मधल्या एका मशीनवरून उडी मारावी लागत असेल, तर ‘प्रॉक्सीजंप’ या ओळीत त्या मधल्या मशीनचं नाव द्या. तुमची खाजगी किल्ली मधल्या मशीनवर ठेवायची गरज राहत नाही, आणि ठेवूही नये.

किल्ली म्हणजे नेमकं काय

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तेव्हा दूरच्या मशीनवर जायच्या टेलनेटसारख्या सेवांमधून पासवर्ड उघड्या अक्षरांत जायचा, तारेवर कान लावणाऱ्याला तो सरळ वाचता यायचा. त्या प्रसंगानंतर तिथल्याच तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. फाइली हलवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. या दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधला २२ मागून घेतला आणि तो त्यांना मिळाला. आज बहुतेक सर्व्हरवर चालतं ते ओपनएसएसएच, ते ओपनबीएसडी प्रकल्पातून १९९९ साली आलं.

एसएसएचमध्ये पासवर्ड कूटबद्ध होऊन जातो, पण पलीकडच्या सर्व्हरच्या हातात तो पडतोच. किल्लीच्या जोडीत तसं होत नाही. खाजगी किल्ली तुमच्या मशीनवरून कधीच बाहेर पडत नाही. तुमचं मशीन तिने त्या जोडणीपुरती एक सही करतं, आणि सर्व्हर आपल्याकडच्या सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळतो. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ या कमांडने जोडी बनवा, तिला पासफ्रेज द्या, आणि ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवा. पासफ्रेज पुन्हा पुन्हा टाइप करायला लागू नये म्हणून एसएसएच-एजंट असतो.

किल्ली ठेवूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर बरेच लोक किल्लीवर संशय घेतात, पण बहुधा दोष फोल्डरच्या परवानग्यांचा असतो. सर्व्हरवरचं ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइल ६०० हवी, म्हणजे तुमच्याशिवाय इतर कुणाला मुभा नाही. तुमच्या होम फोल्डरमध्ये इतरांना लिहायची मुभा असेल तरीही सर्व्हर किल्ली नाकारतो, आणि कारण तुम्हाला सांगत नाही, फक्त स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. तुमच्या बाजूने ‘एसएसएच -व्ही’ दिलं की निदान कोणती किल्ली पुढे केली गेली ते कळतं. आणि सर्व्हरची ओळख बदलल्याचा मोठा इशारा आला तर तो घाईत पुसून पुढे जाऊ नका. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर तो अपेक्षितच आहे; तसं काही झालं नसेल तर आधी चौकशी करा.

नाव वेगळं, फाइल वेगळी

आता असा प्रसंग, जो प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतोच. डिस्क भरली. ‘डीएफ -एच’ शंभर टक्के दाखवतं. शोधाशोध करून एक अवाढव्य लॉग फाइल सापडते, तुम्ही ‘आरएम’ने ती उडवता, पुन्हा डीएफ बघता, आणि अजूनही शंभर टक्के. इथे माणूस घाबरतो आणि आणखी फाइली उडवू लागतो. थांबा.

लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोल्डरमध्ये असतं ते फक्त नाव, आणि ते आयनोड नावाच्या नोंदीकडे बोट दाखवतं. डेटा कुठे आहे ते त्या नोंदीला माहीत असतं. आरएम नाव पुसतं. जागा मोकळी होते ती त्या आयनोडकडे बोट दाखवणारं शेवटचं नाव गेल्यावर, आणि ती फाइल उघडून बसलेला शेवटचा प्रोग्राम ती सोडेल तेव्हाच. तुमच्या वेब सर्व्हरने तो लॉग उघडलेला आहे, तो त्यात अजून लिहितोच आहे. फाइल आहे, फक्त बिननावाची. ‘एलएसओएफ +एल१’, यातला एल कॅपिटल, अशा बिननावाच्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्राम दाखवतं. त्या प्रोग्रामला रीस्टार्ट केलं की जागा परत मिळते. चालू लॉग रिकामा करायचा असेल तर तो उडवण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ वापरा, म्हणजे नाव तसंच राहतं आणि आतला मजकूर जातो.

कधी उलटंही होतं. डीएफ म्हणतं जागा आहे, पण नवीन फाइल बनत नाही. तेव्हा ‘डीएफ -आय’ बघा. लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड संपवलेले असतात. मोठं फोल्डर कोणतं हे शोधायला ‘डीयू -एसएच’ आणि पुढे तारांकन, ते ‘सॉर्ट -एच’मधून नेलं की सगळ्यात जड फोल्डर तळाशी येतं.

नाव आणि फाइल यांतला हाच फरक कळला की लॉग बघायची एक जुनी तक्रारही सुटते. ‘टेल -एफ’ लावून बसलो, मध्यरात्रीनंतर लॉग हलायचाच थांबला. सर्व्हर मेला नव्हता. रात्री लॉगची आवराआवर झाली, जुन्या फाइलीचं नाव बदललं आणि त्याच जुन्या नावाची नवी फाइल बनली. लहान एफ मूळ फाइलीला चिकटून राहतो, कॅपिटल एफ नावाच्या मागे जातो. लॉगसाठी नेहमी कॅपिटल एफ वापरा. सिस्टिमडीच्या सर्व्हिसचा लॉग असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि सर्व्हिसचं नाव, पुढे लहान एफच. लॉगमधल्या वेळा वाचताना आधी ‘डेट’ कमांड देऊन सर्व्हरचं घड्याळ कोणत्या पट्ट्यात आहे ते बघा. बरेच सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात, आणि आपण आपल्या घड्याळाप्रमाणे चुकीच्या तासात पुरावा शोधत बसतो.

सर्व्हर मंद वाटला तर ‘अपटाइम’. शेवटचे तीन आकडे म्हणजे गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार. ‘एनप्रॉक’ सांगेल त्या कोअरच्या संख्येशी त्यांची तुलना करा. चार कोअरवर चारचा भार म्हणजे गाडी भरलेली, पण चालती. लिनक्स या भारात डिस्कची वाट बघत अडकलेले प्रोग्रामही मोजतं, म्हणून भार प्रचंड आणि सीपीयू निवांत असं चित्र दिसलं तर डिस्ककडे बघा. मेमरीसाठी ‘फ्री -एच’मधला ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचा, ‘फ्री’ हा नको; मोकळी मेमरी लिनक्स फाइली जवळ ठेवायला वापरतं आणि मागितली की परत देतं. एखादा प्रोग्राम काही न बोलता गायब झाला असेल तर ‘डीमेसेज -टी’, कॅपिटल टी. मेमरी संपल्यावर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याचा बळी घेतला असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं.

फाइली ने-आण आणि एक बोगदा

मोठ्या फाइली हलवायला एससीपी नको, आरसिंक हवं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ साली लिहिलं. दोन्हीकडच्या फाइलींत फरक असेल तेवढाच भाग ते पाठवतं. ‘आरसिंक -एव्हीपी’, यातला पी कॅपिटल, दिलं की अर्धवट आलेली फाइल जपून ठेवली जाते, आणि लाइन तुटली तर तीच कमांड पुन्हा द्यायची. एक खाच मात्र लक्षात ठेवा. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो. नाही दिली तर फोल्डरसकट जातो. मूळ जागी नसलेलं पलीकडून पुसणारं ‘--डिलीट’ वापरताना ही एक रेघ चुकली तर पलीकडचं नको ते पुसलं जातं. म्हणून आधी ‘-एन’ लावून तालीम करा. काय झालं असतं ते सगळं दिसतं, होत मात्र काहीच नाही.

सर्व्हरवरचा डेटाबेस बाहेरच्या जगाला बंद असतो, तसाच असायला हवा. पण तुमच्या मशीनवरच्या एखाद्या सोयीच्या प्रोग्रामने तो बघायचा असेल तर ‘एसएसएच -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२’ आणि पुढे सर्व्हरचं नाव. इथेही एल कॅपिटल. तुमच्या मशीनचा ५४३३ पोर्ट आता बोगद्यातून सर्व्हरच्या ५४३२ पोर्टला, म्हणजे तिथल्या डेटाबेसला, जोडला. लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच मशीन’, आणि मधला लोकलहोस्ट म्हणजे सर्व्हरच्या नजरेतला लोकलहोस्ट, तुमचा नव्हे. हे एकदा ध्यानात आलं की पुढचा गोंधळ होत नाही.

टायपिंगबद्दल फार सांगत नाही. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधा, कंट्रोल-यूने कर्सरच्या डावीकडचं पुसा, आणि ऑल्ट-टिंबाने मागच्या कमांडचा शेवटचा शब्द परत आणा. या तिन्हींनी रोजचा बराच वेळ वाचतो.

बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड

आता पहिला प्रश्न, मी कोणत्या मशीनवर आहे? चार खिडक्या उघड्या आहेत, चारही काळ्या, आणि ‘शटडाउन’ चुकीच्या खिडकीत टाइप होतं. समोरचं मशीन बंद झालं तर आपण बटण दाबतो. दूरचं बंद झालं तर बटण दाबायला तिथे कुणी असेलच असं नाही. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी दिसणारा मजकूर, लाल करा, चाचणीच्या सर्व्हरचा हिरवा. रंग डोळ्यांना वाचनाआधी कळतो. डेबियन आणि उबुंटूवर ‘मॉली-गार्ड’ हे पॅकेज मिळतं. एसएसएचवरून कुणी रीबूट किंवा शटडाउन म्हटलं की ते आधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं. चुकीच्या खिडकीतला माणूस तिथेच सावध होतो.

सर्वात धोक्याचं काम म्हणजे आपण ज्या वाटेने आत आलो त्या वाटेचीच दुरुस्ती : एसएसएचची सेटिंग, फायरवॉल, नेटवर्क. एसएसएचची सेटिंग बदलली की आधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) देऊन फाइलीत चूक नाही ना ते तपासा, मग सर्व्हिस रीलोड करा. चालू सत्र त्याने तुटत नाही. फायरवॉलसाठी ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ आणि उबुंटूवर नेटवर्कसाठी ‘नेटप्लॅन ट्राय’ आहे. दोन्ही नवे नियम लावतात आणि तुमच्या होकाराची वाट बघतात. नेटप्लॅन एरवी १२० सेकंद थांबतं. तुम्ही बाहेर फेकले गेलात तर होकार देता येत नाही, मुदत संपते आणि जुने नियम आपोआप परत येतात. अशी सोय नसेल तिथे टीमक्समध्ये स्वतः लावून ठेवा : ‘स्लीप ३००’, म्हणजे पाच मिनिटं थांब, आणि त्यापुढे जुनी फाइल परत ठेवून सर्व्हिस रीलोड करणारी कमांड. मग बदल करा. जुनी खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघा. आत येता आलं की टीमक्समध्ये जाऊन तो स्लीप कंट्रोल-सीने थांबवा, आणि त्यानंतरच जुनी खिडकी बंद करा.